हात हललेला फोटो

वर्षश्राद्धाला आईचा फोटो लावायचा होता. चार भावंडांतल्या धाकट्या भावानं तो आमच्या फोटोच्या दुकानात काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "एकदम क्लिअर करून द्या."

जेमतेम ६ सेंटिमीटरचा चौकोनी, कृष्णधवल प्रिंट. मधोमध घडी, कडांना चांदीची झाक चढलेली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराच्या उंबऱ्यात बाई बसलीय, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. चेहरा जरा मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट आलाय. उजव्या हाताच्या जागी नुसता पांढुरका फराटा.

शेजाऱ्यांच्या आग्फा क्लिक थ्रीवर काढलेला. १२० नंबरच्या फिल्मवर बारा फोटो देणारा साधा कॅमेरा. फोकस ठरलेला, दहा फुटांच्या आतलं अस्पष्टच यायचं. शटरही मंद. समोरच्यानं हात थांबवला नाही तर तो हललेलाच येणार. आणि विडीची मजुरी हजार विड्यांमागे! फोटोसाठी हात कोण थांबवणार?

आमच्याकडच्या पोरानं फोटो एआयच्या सॉफ्टवेअरमधून काढला. पाची बोटं नीट उमटली, डोळे टवटवीत झाले, सुरकुत्या गेल्या. भाऊ खूश. पण फोटोत जे उमटलंच नाही ते सॉफ्टवेअरला सापडणार कुठून? ते दुसऱ्या असंख्य चेहऱ्यांवरून अंदाज बांधून नवीन रंगवतं. म्हणून मी नेहमी दुसरी प्रतही काढून ठेवतो, फक्त घडी आणि डाग काढलेली.

संध्याकाळी त्याची थोरली बहीण आली. पहिली प्रत तिनं बराच वेळ निरखली.

"ही कोण रे?"

"आई की गं, अक्का."

"आईचा हात असा रिकामा कधी बघितलास तू?"

मी दुसरी प्रत पुढं केली. तिनं त्या फराट्यावर बोट ठेवलं. "हे बघ, दोरा बांधतीय. बांधून झाला की मनगट असं झटकायची." तिनं स्वतःचं मनगट झटकून दाखवलं. लहानपणी तीही आईशेजारी बसून विड्या वळायची. भाऊ फोटोवर वाकला आणि म्हणाला, "हो की. तसंच झटकायची."

एका हाताची अख्खी सवय त्या फराट्यात होती, आणि नीटनेटक्या पाच बोटांनी तीच पुसून टाकली होती.

भावाला १२ बाय १८ इंची हवा होता. इतका मोठा केला तर फिल्मचे दाणे दिसतील, चेहरा आणखी मऊ होईल, मी सांगितलं.

"दिसू द्या की," अक्का म्हणाल्या.

चार प्रती काढल्या, चारही भावंडांना. ती टवटवीत डोळ्यांची फाइल भावानं माझ्यासमोरच डिलीट करायला लावली.