ओळख लपवणारा माणूस आणि त्याला ओळखणारी माणसं

'लांग्या बांग' परत एकदा पूर्ण बघून झाली. इंग्रजीत 'निर्वाना इन फायर' म्हणून सापडते, 2015 ची चिनी सिरियल, 54 भाग, आणि संपल्यापासून मन दुसऱ्या कशातच लागत नाहीये, म्हणून बसलेय लिहायला.

गोष्ट लियांग राज्याची. राज्य काल्पनिक आहे पण राजधानी जिनलिंग, म्हणजे आत्ताचं नानजिंग, आणि त्या भागात सहाव्या शतकात खरंच लियांग नावाचं राजघराणं होतं, राजाचं आडनावही तेच शियाओ, त्यामुळे कपडे, दरबार, वाकून नमस्कार करायच्या पद्धती सगळं त्या काळाच्या जवळपासचं वाटतं. तर बारा वर्षांपूर्वी मेइलिंग नावाच्या बर्फाळ जागी सत्तर हजारांची चियान सेना कापली गेली, शत्रूकडून नाही, आपल्याच लोकांकडून, कारण राजाच्या कानात घातलं गेलं की सेनापती आणि 'ची' नावाचा थोरला राजपुत्र बंड करणार आहेत. राजपुत्राला तुरुंगात विष दिलं. सेनापतीचा मुलगा लिन शू, एकोणीस वर्षांचा भन्नाट पोरगा, तो पण मेला असं सगळे समजतात. तो वाचलाय, पण विषामुळे त्याचं शरीर असं काही झालंय की बरं व्हायचं तर कातडी-हाडं बदलून घ्यायची, चेहरा जाणार, तलवार पेलायची ताकद जाणार आणि आयुष्यही कमी होणार. त्याने तेच निवडलं. आणि आता तो मेई चांगसू नावाने, अशक्त, खोकणारा, सतत शेकोटीजवळ बसणारा सल्लागार म्हणून राजधानीत परत आलाय.

सूडाच्या गोष्टी आपण खूप बघतो, पण याला कोणाचं मुंडकं नकोय. त्याला हवंय की तोच राजा, जिवंतपणी, भर दरबारात, ती केस परत उघडायला हो म्हणेल आणि सत्तर हजार माणसांच्या नावावरचा देशद्रोहाचा डाग पुसला जाईल. राजाला मारणं त्यामानाने सोपं असतं, चूक कबूल करायला लावणं अवघड, आणि त्यासाठी त्याला स्वतःला कोणीही ओळखता कामा नये. मला वाटतं सगळी सिरियल इथेच आहे. सूड घ्यायचा तर लपून राहायचं, आणि ज्यांचं आपल्यावर प्रेम आहे ती माणसं तर बघताक्षणी ओळखणार.

पहिली कोण ओळखते? म्हातारी पणजी, राजघराण्यातली सगळ्यात मोठी बाई, जिला आता कोण कुठलं हे धड आठवत नाही. सगळी तरुण मंडळी तिला भेटायला जातात, हा पण परका पाहुणा म्हणून मागे उभा, आणि ती त्यालाच जवळ बोलावते, शियाओ शू म्हणते, म्हणजे लहानपणीच्या नावाने हाक मारते, निहुआंगचा हात घेऊन त्याच्या हातात देते आणि लग्न कधी करताय असं विचारते. बाकीच्यांना वाटतं आजीचा गोंधळ झाला. आणि हा माणूस, ज्याने चेहऱ्यावरची एक रेष हलू द्यायची नाही असं बारा वर्षं घोटून घेतलंय, तो तो हात लगेच सोडत नाही. मेई चांगसू झालेल्या हू ग ने तिथे काहीच केलेलं नाही, नुसता बघतो, पण मला तिथे दर वेळी रडू येतं.

निहुआंग त्याची वाग्दत्त वधू. आता ती दक्षिणेकडच्या युन्नानच्या सैन्याची सेनापती आहे, एक लाख घोडदळ तिच्या हाताखाली. ल्यू ताव ने काम इतकं सरळ केलंय, कुठे लाडिकपणा नाही की उगाच डोळे फडफडवणं नाही. शहराबाहेरच्या रस्त्यावर ती त्याला गाठते आणि विचारत बसत नाही, सरळ त्याची बाही वर करते, मग गळ्याजवळचं कापड बाजूला करते, लिन शूच्या अंगावरच्या खुणा शोधत. एकही खूण नाही. सगळं अंगच नवं आहे ना. आणि तिथेच तिची खात्री पटते, कारण एखादा परका माणूस असता तर त्याने हात झटकला असता, हा मुकाट उभा राहतो आणि सांगतो की आता काही उरलेलं नाही. मग ती त्याला मिठी मारून रडते. रोमान्स म्हणाल तर एवढाच, 54 भागांत एखाद-दुसरी मिठी आणि थोडं बोलणं, आणि तरी ज्या सिरियलींमध्ये हिरो हिरॉईनला दर भागात छत्रीखाली उभं करतात त्यांच्यापेक्षा मला हे कितीतरी खरं वाटलं.

आणि जिंग राणीसाहेब! राजपुत्र जिंगयानची आई. ही बाई आधी वैद्य होती, लिन घराण्याने तिला आसरा दिला होता, नंतर ती राजवाड्यात आली. ती तर त्याला बघायच्या आधीच ओळखते. जिंगयान या सल्लागाराकडून एक प्रवासवर्णनाचं पुस्तक घरी आणतो, त्यात त्याने कडेला टिपा लिहिल्यात, अक्षर बदललेलं आहे, पण दोन ठिकाणी अक्षरातली एक रेघ मुद्दाम सोडलीय, कारण स्वतःच्या आईचं नाव पूर्ण लिहायचं नाही अशी तिकडे रीत. बास. तिला कळतं. ती बोलत काहीच नाही. फक्त पुढच्या वेळी मुलाबरोबर खाऊचे दोन डबे पाठवते, मुलाच्या डब्यात त्याच्या आवडीच्या हेझलनटच्या वड्या आणि सल्लागाराच्या डब्यात त्या नाहीत, कारण लिन शूला हेझलनट चालत नाही. म्हणजे "मला माहितीये तू कोण आहेस" हे तिने डब्यातून कळवलं. नंतर डोंगरावरच्या शिकारीच्या वेळी ती त्याची नाडी बघते आणि वैद्य असल्यामुळे तिला पुढचं सगळंच कळतं, किती दिवस राहिलेत तेही, तेव्हा तिला रडू आवरत नाही. राणी झालेल्या ल्यू मिनताव च्या त्या एका सीनसाठी मी ही सिरियल कितीही वेळा बघेन.

सगळ्यात शेवटी कळतं ते जिंगयानला, त्याच्या जिवलग मित्राला, ज्याला तो गादीवर बसवू पाहतोय. लोक याबद्दल चिडतात की एवढं कसं कळत नाही, पण मला नाही चिडावंसं वाटत. जिंगयान सरळ माणूस आहे, त्याला डावपेच करणाऱ्यांची चीड आहे, आणि त्याच्या मनातला लिन शू घोड्यावरचा, हसणारा, लढणारा आहे. त्या लिन शूचं धनुष्य त्याने घरात भिंतीवर टांगून ठेवलंय आणि मेई चांगसू हात लावायला जातो तर म्हणतो हात लावू नका, माझ्या मित्राला परक्यांनी त्याच्या वस्तूंना हात लावलेला आवडत नाही. आणि हा हात मागे घेतो, माफी मागतो. स्वतःच्याच धनुष्याबद्दल! पुढे कधीतरी बेशुद्धीत हा "जिंगयान, घाबरू नकोस" असं पुटपुटतो तेव्हा जिंगयानच्या डोक्यात पहिल्यांदा पाल चुकचुकते.

एक गोष्ट मात्र दुसऱ्यांदा बघताना जास्त लागली, जिंगरुईचा वाढदिवस. हा पोरगा मेई चांगसूला मनापासून मित्र मानतो, त्यानेच त्याला स्वतःच्या घरी राहायला आणलेलं असतं. आणि शिए यूला, म्हणजे मेइलिंगच्या कटातल्या एकाला, ज्याला जिंगरुई आजवर बाप समजत आला त्याला, उघडं पाडण्यासाठी मेई चांगसू नेमकी त्याच्याच वाढदिवसाची रात्र वापरतो. एका रात्रीत त्याचं घर, बाप, जन्म सगळं खोटं निघतं. त्यात त्या मुलाचा काय दोष? सिरियल इथे हिरोला सोडत नाही, आणि जिंगरुईलाही खलनायक करत नाही, तो दुखावतो, द्वेष करत नाही, निघून जातो. न्यायासाठी केलं असलं तरी ज्याच्यावर केलं त्याला लागतंच, हे इतकं स्वच्छ दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

दरबारातला तो शेवटचा मोठा सीन, राजाचा वाढदिवस, राजाची स्वतःची बहीण लीयांग सगळ्यांसमोर शिए यूचा कबुलीजबाब वाचते आणि मग एकेक मंत्री उठून वाकतो आणि म्हणतो मी सहमत आहे, एक, दुसरा, तिसरा, थांबतच नाही, राजा ओरडतो तरी थांबत नाहीत. तलवारींचा खणखणाट नाही काही नाही, पण अंगावर काटा येतो. कोंग शंग आणि ली श्युए दोघे दिग्दर्शक, आणि पटकथा मूळ कादंबरी लिहिणाऱ्या हाय यान यांचीच, त्यामुळे गोष्टीला कुठे ठिगळ लागलेलं वाटत नाही.

हू ग बद्दल वाचलं ते पण सांगायचंय. 2006 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या गाडीचा मोठा अपघात झाला होता, सोबतची सहकारी गेली, याच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाल्या, डोळ्याजवळ खूण राहिली. देखणा हिरो म्हणून नाव झालेला तरुण, आणि चेहराच असा. म्हणून असेल, पण चेहरा हरवलेल्या माणसाची भूमिका त्याने केलीय असं वाटतच नाही, त्याला ते माहीतच आहे असं वाटतं.

शेवट खूप जणांना पटत नाही. चौफेर हल्ले होतात, सेनापती कमी पडतात, आणि तो एक औषध घेतो ज्याने तीन महिने अंगात ताकद येईल, त्यापुढे नाही. चिलखत घालून लिन शू म्हणूनच उत्तरेला निघतो, निहुआंग तिच्या सैन्यासह दुसऱ्या सीमेवर. मला पण वाटलं, अरे थांब ना, झालं ना सगळं, तिच्याबरोबर चार दिवस राहा. पण त्याचा वैद्य मित्र लिन चेन, ज्याने त्याला जगवायला जीव काढला, तो आधी भांडतो, चिडतो, आणि मग औषध देतो आणि स्वतः पण त्याच्याबरोबर लढाईला निघतो. त्याला पटलं असेल तर मी कोण वाद घालणार.