विल्नियसमधली आइसलंड गल्ली

रिगा, टॅलिन दोन्ही मस्त झालं, फोटो टाकेन कधीतरी. पण लिहायचंय ते विल्नियसच्या एका गल्लीबद्दल.

फ्लॅटवाला म्हणाला होता तीन वाजता किल्ली घेऊन येतो, आला सव्वापाचला, मधे फोन पण उचलला नाही. ताई आणि मी बॅगा घेऊन पावसात उभ्या, थंडीने हात बधिर, जाम चिडले होते मी. समोर पाटी होती, इस्लांदियोस गात्वे, म्हणजे आइसलंड रस्ता. लिथुआनियाच्या राजधानीत आइसलंड कुठून आलं?

ते आम्हाला सांगितलं समोरच्या छोट्या खानावळीतल्या बाईंनी. स्वतःच बाहेर येऊन आत बोलावलं, बॅगा ओढून घेतल्या, आणि बिटाचं थंडगार सूप दिलं. गडद गुलाबी, आंबट, वरून भरपूर शेपू आणि बाजूला गरम उकडलेले बटाटे. घरी शेपूला नाक मुरडणारी ताई दोन वाट्या प्यायली!

गोष्ट १९९०-९१ ची, बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. लिथुआनियाने ११ मार्च १९९० ला सोव्हिएत युनियनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, पण त्याला मान्यता द्यायला कोणी पुढे येईना, सगळ्यांना सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना दुखवायची भीती. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री सोव्हिएत रणगाडे टीव्ही टॉवरवर आले, निःशस्त्र माणसं मारली. या बाई संसदेबाहेर शेकोटीपाशी उभ्या होत्या, रस्त्यात काँक्रीटचे ठोकळे रचलेले. त्याच दिवसांत आइसलंडचे परराष्ट्रमंत्री योन बाल्दविन हानिबाल्सोन तिथे येऊन गेले. ९ फेब्रुवारीच्या मतदानात ९० टक्क्यांहून जास्त लोक स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले आणि दोनच दिवसांनी आइसलंडच्या संसदेने ठराव केला की लिथुआनिया पूर्वी स्वतंत्र असताना आम्ही १९२२ मध्ये दिलेली मान्यता अजून कायम आहे. मॉस्कोने रागाने आपला राजदूत परत बोलावला. ऑगस्टमधलं गोर्बाचेव्हविरुद्धचं मॉस्कोतलं बंड फसल्यावर, २६ तारखेला, लिथुआनिया, लातविया, एस्टोनिया या तिन्ही बाल्टिक देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, राजनैतिक संबंधांच्या कागदांवर सह्या केल्या.

मग बाईंनी विचारलं, तुमच्या देशाने कधी दिली मान्यता?

मला माहीत नव्हतं. फोनवर शोधलं, ७ सप्टेंबर १९९१. आणि खुद्द सोव्हिएत युनियनने दिली होती ६ सप्टेंबरला. म्हणजे मॉस्कोने हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी आपण. मी ते तसंच्या तसं सांगितलं, सांगताना घसा दाटला. आपली शस्त्रं तिकडून यायची, त्यात १९९१ साली तिजोरीत खडखडाट, सगळं मान्य. पण आइसलंडही वर्षानुवर्षं त्यांना मासे विकून त्यांच्याकडूनच तेल घ्यायचं, लोकसंख्या जेमतेम अडीच लाख, सैन्य तर नाहीच! दीडशे वर्षं परक्यांचं राज्य सोसलेल्या देशाने इथे आधी बोलायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं, आणि कोणी कितीही राजकारण समजावलं तरी वाटत राहणार.

बाई काही बोलल्या नाहीत. पैशांच्या गल्ल्याशेजारच्या वाटीतून एक बिल्ला काढून माझ्या तळहातावर ठेवला. पाच पाकळ्यांचं इवलंसं निळं फूल, तिथे दर १३ जानेवारीला लोक छातीवर लावतात, विसरू नका म्हणून. मी परत द्यायला गेले तर माझी मूठ मिटवली. सूपचे पैसे मात्र नीट मोजून घेतले, ते मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी किल्ला, कॅथेड्रल सगळं रद्द करून ट्रॉलीबसने टीव्ही टॉवरला गेलो. तीनशे मीटरहून उंच, वर फिरतं रेस्टॉरंट आहे म्हणे, आम्ही वर गेलोच नाही. त्या रात्री गेलेल्यांची नावं तिथे आहेत. त्यात एकच बाई, लोरेता आसानाविच्यूते, वय २३. ताईने ते नाव अडखळत दोनदा मोठ्याने वाचलं आणि बराच वेळ आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.