प्रोपेलर आधी का काढायचे?

‘थ्रॉटल (रिमोटवरची मोटारींचा वेग वाढवणारी काठी) दिला की ड्रोन जमिनीवरच उलटतो, काय करू?’ असे कोणी विचारले की मी पहिल्यांदा चारही प्रोपेलर काढायला सांगतो, आणि त्यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो, ‘मोटार कमजोर असेल, तर प्रोपेलर काढून काय कळणार?’ गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकावा लागला आहे की आता एकदाच सविस्तर लिहितो.

मोटार कमजोर असेल, असे मलाही वाटले होते. माझा साडेचारशे मिलिमीटर फ्रेमचा, दहा इंची प्रोपेलरचा ड्रोन बीटाफ्लाइट या उड्डाण-सॉफ्टवेअरवर चांगला उडत होता. काटोलजवळच्या काकांच्या संत्राबागेवरून तो आखलेल्या मार्गाने फिरवावा म्हणून मी त्याच बोर्डावर, म्हणजे मोटारींना आदेश देणाऱ्या कंट्रोलरवर, आर्डुपायलट हे दुसरे सॉफ्टवेअर टाकले. त्यानंतर थ्रॉटल वाढवताच तो नाक खाली घालून पुढे कोलांटी खाऊ लागला. पुढच्या दोन मोटारी जोर देत नाहीत असा मी निष्कर्ष काढला, त्या नव्या मागवल्या आणि बसवल्या. कोलांटी तशीच राहिली.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, काटोल रोडवर फेटरीच्या पुढच्या एका मोकळ्या माळावर, मी चौथ्यांदा प्रयत्न केला. सोबत बारा वर्षांचा भाचा होता. ड्रोन उलटला आणि त्याचे प्रोपेलर वाळल्या गवतात अडकून थांबले. मी थ्रॉटल खाली आणला, पण ड्रोन डिसआर्म केला नाही, म्हणजे मोटारी पूर्ण बंद केल्या नाहीत. भाच्याने दोन्ही हातांनी फ्रेम उचलली, त्याबरोबर गवतातून सुटलेला एक प्रोपेलर फिरू लागला, आणि त्याच क्षणी काठीवरचा माझा अंगठा किंचित वर सरकला. तो ओरडला नाही. त्याने हात छातीशी घेतला आणि माझ्याकडे पाहिले. पांढऱ्या शर्टावर डाग पसरत गेला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. रस्त्यावरच्या पहिल्या दवाखान्यात दोन बोटांना मिळून पाच टाके पडले. घरी आल्यावर ताईने मला एक शब्दही विचारला नाही. त्या रात्री सामान आवरताना पाहिले, तर त्या प्रोपेलरच्या कडेवर गवताची एक काडी चिकटलेली होती आणि तिच्यावर रक्त वाळलेले होते.

मी न सांगता तो पुढे गेला, असे मी कित्येक दिवस सर्वांना सांगत राहिलो. ते खरे नाही. ‘जा, सरळ कर’ असे मीच म्हणालो होतो.

त्याच रात्री, जेवणाच्या टेबलावर, प्रोपेलर काढून मी आर्डुपायलटची एकेक मोटार फिरवून पाहणारी मोटार चाचणी चालवली. ही चाचणी पुढच्या उजव्या मोटारीपासून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जायला हवी. माझ्या ड्रोनची मागची उजवी मोटार आधी फिरली, नंतर पुढची डावी. बीटाफ्लाइटमध्ये पहिला क्रमांक मागच्या उजव्या मोटारीचा असतो, तर आर्डुपायलटमध्ये तो पुढच्या उजव्या मोटारीचा. सॉफ्टवेअर बदलले, पण वायरी जुन्या क्रमाने तशाच राहिल्या होत्या. चारही मोटारींच्या फिरण्याच्या दिशा मात्र बरोबर होत्या, म्हणूनच मी फसलो. मोटारी फिरतात आणि योग्य दिशेने फिरतात, एवढे पाहून मी समाधान मानले होते. कोणत्या आदेशाला कोणती मोटार उत्तर देते, हे मी पाहिलेच नव्हते. नाक जरा झुकले की कंट्रोलर पुढच्या मोटारींना वेग द्यायला सांगे, वेग मागच्या घेत, आणि नाक अधिकच खाली जाई. अशा स्थितीत कंट्रोलरचा प्रतिसाद वाढवला, तर ड्रोन अधिक लवकर उलटतो.

म्हणून सांगतो. प्रोपेलर काढलेला ड्रोन आर्म करा, थ्रॉटल थोडा वाढवा, फ्रेम हातात धरून नाक खाली करा आणि ऐका: पुढच्या मोटारींचा आवाज चढला पाहिजे. उजवीकडे झुकवला तर उजव्या बाजूचा. बोर्ड नव्वद अंशांत फिरवून बसवला असेल आणि तसे सेटिंगमध्ये नोंदवले नसेल, तर तेही इथेच उघडे पडते. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि ती मी त्या माळावर जाण्याआधी घेतली नव्हती.

तरीही माझा हट्ट सर्वस्वी बरोबर आहे, असे म्हणवत नाही. प्रोपेलर उलटे बसले आहेत का, फ्रेमला कंप आहे का, हे प्रोपेलर लावल्याशिवाय कळत नाही. केव्हातरी प्रोपेलर लावून थ्रॉटल द्यावाच लागतो. त्या वेळी मी सर्वांना दहा पावले मागे उभे राहायला सांगतो. दहाच का, तीस का नाहीत, असे भाच्याने परवा विचारले, आणि मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.