महामार्गावरचं जंगल आणि सोनेरी मिको

रिओ दि जानेरो मागे पडलं की बीआर-१०१ महामार्गाच्या दोन्ही बाजूंना गुरांची कुरणं लागतात. मध्येच एखादी टेकडी गर्द झाडीची. कधीकाळी इथे सलग अटलांटिक वर्षावन होतं. आता उरलेत ते तुकडे. त्यातच राहणारं सोनेरी सिंह टॅमरिन बघायला आम्ही सिल्वा जार्दिम या गावाला निघालो होतो. जगात हे माकड फक्त रिओ दि जानेरो राज्यातल्या सखल जंगलात आहे. इथली माणसं त्याला नुसतं मिको म्हणतात, आणि ब्राझीलच्या २० च्या नोटेवरही तोच आहे.

कळपातल्या एकाच्या गळ्यात रेडिओपट्टा होता. वाटाड्या अँटेना फिरवत पुढे आणि आम्ही चिखलातून मागे. आधी शिट्टीसारखे बारीक आवाज आले, मग वेलींच्या गुंत्यात तांबूस सोनेरी आयाळ चमकली. जेमतेम ६०० ग्रॅमचा जीव! नखांऐवजी नख्या असल्यामुळे तो खोडाला उभा चिकटत होता. ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातल्या वनस्पतीच्या) पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात लांब बोटं घालून किडे, बेडूक शोधणं ही त्याची खासियत, आणि ती मला डोळ्यांनी बघायला मिळाली. मागून आलेल्या एका नराच्या पाठीवर जुळी पिल्लं होती. यांच्यात बहुधा जुळीच होतात आणि ती वागवायचं काम बाप आणि कळपातली बाकीची मंडळी करतात. आईकडे पिल्लं जातात ती दुधापुरती. एवढं घट्ट कुटुंब मी दुसऱ्या कुठल्या माकडात पाहिलेलं नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे जेमतेम २०० उरले होते. ब्राझीलचे माकडतज्ज्ञ आदेल्मार कोइम्ब्रा-फिल्यो यांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं आणि १९७४ मध्ये पोसो दास आंतास हे राखीव जंगल झालं. १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले मिको इथे सोडले गेले. हलत्या फांदीवरून चालणं, अन्न शोधणं त्यांना ठाऊकच नव्हतं, बरेच मेले. जे तगले, त्यांची पिल्लं मात्र रानात वाढली आणि रानातलीच झाली. पुढे पीतज्वराच्या साथीने पुन्हा मोठा फटका दिला, तेव्हा या माकडांना पकडून चक्क लस टोचली गेली. २०२३ च्या गणनेत संख्या ४,८०० च्या आसपास भरली.

पण मला जास्त भावला तो मिकोंसारख्या प्राण्यांसाठी महामार्गावर बांधलेला पूल. २०२० मधला, वर माती आणि झाडं, खालून ट्रक. हा प्राणी सहसा जमिनीवर उतरून मोकळं रान ओलांडत नाही. रस्ता रुंद झाला की पलीकडचा कळप त्याला परकाच. मग जवळच्या नात्यातच जोड्या जमतात आणि वंश दुबळा होतो. पुलावरची झाडं वाढून त्यांचे शेंडे एकमेकांना भिडायला हवेत. कुरणांमधूनही अशाच झाडांच्या पट्ट्या लावणं चालू आहे, आणि त्यांची रोपं आसपासची कुटुंबंच आपल्या रोपवाटिकांत वाढवतात.