सर्व्हिस व्हॅनचा खडखडाट: शिडी गप्प झाली, आता ड्रॉवर

उन्हाळ्याचा सीझन लागायच्या आत व्हॅन शांत करायची, असं यंदा ठरवलं होतं. निम्म्याहून जास्त काम उरकलं आहे. नव्याने वाचणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. ही एसी दुरुस्तीची गाडी, सरकत्या दाराची. मागच्या सीट काढलेल्या, डाव्या अंगाला लोखंडी रॅक, टपावर अॅल्युमिनियमची शिडी. सकाळी इंदूरच्या राजेंद्र नगरहून निघाली की पलासिया, विजय नगर, कधी सांवेर रोडचे कारखाने असं दिवसभर फिरते.

आवाजाचा त्रास कानाला होतोच, पण माझी खरी काळजी सामानाची आहे. जे वाजतं ते आपटत असतं. गेज मॅनिफोल्ड (गॅसचा दाब मोजायचं काट्याचं मीटर) रोज पत्र्यावर आदळला की काटा शून्यावर बसेनासा होतो. तांब्याची पाइप रॅकच्या कडेला घासत राहिली की तिथे चरा पडतो, आणि मग फ्लेअर करताना (जोडासाठी पाइपचं तोंड फुलवताना) नेमकी तिथेच चिरते. म्हणून या कामावर वेळ घालवायला मला जड जात नाही.

आवाज शोधण्याबद्दल आधी लिहितो, कारण बरेच जण ही पायरी गाळून थेट शीट आणि फोम विकत आणतात. बंद पत्र्याच्या डब्यात आवाज चहूकडून परततो, त्यामुळे तो कुठून येतोय हे पुढे बसून कळत नाही. कान फसतो. आमची पद्धत अशी: मी कॉलनीच्या आतल्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून गाडी अगदी सावकाश चालवतो आणि पुतण्या मागे बसून एकेका वस्तूवर हात दाबून धरतो. हाताखाली आवाज थांबला की चोर सापडला. परवा तो मागून ओरडला, “काका, शिडी नाही वाजत, शिडीखालच्या कॅरियरची टोपी वाजतेय!” खरंच, चौकोनी नळीच्या तोंडाची प्लास्टिकची टोपी होती. एम-सील लावलं, विषय संपला.

दुसरी परीक्षा गाडी उभी ठेवून. न्यूट्रलमध्ये रेस हळूहळू वाढवायची. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे ९०० आरपीएमला (मिनिटाला ९०० फेरे) सेकंदाला ३० धक्के. ठरावीक आरपीएमलाच एखादी गोष्ट घुमायला लागली आणि रेस पुढे गेल्यावर थांबली, तर तो पत्रा आपल्या सुरात थरथरतोय. फक्त खड्ड्यात वाजत असेल तर कुठेतरी सैल आहे. या दोघांचं औषध वेगळं.

मोबाइलच्या डेसिबल अॅपवर फार विसंबू नका. टायर आणि इंजिनाची घरघर मोठी असते, त्यात खुळखुळ आकड्यात दिसतच नाही. शिवाय सारख्या जोराचे दोन आवाज असतील आणि एक पूर्ण बंद केला, तरी आकडा जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. म्हणून पहिला आवाज गेल्यावर “काही फरक पडला नाही” असं वाटतं. फरक पडलेला असतो, त्याच्यामागे दडलेला दुसरा आता ऐकू येतोय इतकंच. चिकाटी सोडायची नाही. मी त्याऐवजी मोबाइल रॅकच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून रेकॉर्डिंग करतो आणि घरी हेडफोन लावून ऐकतो.

आता शिडी. तिच्यात दोन दुखणी होती. एक, दोन्ही भाग एकमेकांवर टकटक करायचे. कॅरियरच्या आडव्या नळ्यांना तांब्याच्या पाइपवर चढवतो तीच नायट्राइल रबराची नळी उभी चिरून बसवली, आणि शिडीच्या दोन भागांमध्ये तिचेच तुकडे दाबून घातले. आपल्या धंद्यातलं हे उरलंसुरलं सामान फेकू नका. नायट्राइल तेलाला दाद देत नाही, व्हॅक्यूम पंपाचं तेल सांडलं तरी फुगत नाही. दाराच्या कडेचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं, त्याचं उलट आहे: ऊन-पाऊस सोसतं पण खनिज तेल लागलं की फुगतं. तिथे सिलिकॉन स्प्रेच मारायचा, ग्रीस नको.

दुसरं दुखणं शिडी आवळायच्या रॅचेट पट्ट्याचं. एबी रोडवर वेग घेतला की भुंग्यासारखा आवाज यायचा आणि तो सपाट ताणलेल्या पट्ट्याचा असेल असं पटकन ध्यानात येत नाही. पट्टा बांधताना मधे एक पीळ द्या, वारा त्याला एकसारखा थरथरवू शकत नाही. काहीही खर्च नाही. पट्ट्याचं मोकळं टोक मात्र आत खोचायचं, नाहीतर ते टपावर फडफडतं.

रॅकचं थोडं बारकाईने सांगतो, कारण इथे रबर कुठे घालायचं नाही हे महत्त्वाचं. रॅक जिथे गाडीच्या तळाला बोल्टने बसतो तिथे मी रबराचा वॉशर घातलेला नाही. रबर दाबाखाली हळूहळू बसत जातं, बोल्टचा ताण उतरतो आणि पूर्ण वजन घेऊन रॅक हलायला लागतो. तिथे लोखंडाला लोखंड, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा). आवळून झाल्यावर नट आणि पत्रा यांच्यावरून ऑइल पेंटची एकच सलग रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, पाना न लावता कळतं. रबर, फोम, नमदा हे सगळं रॅकवर बसणाऱ्या वस्तूंसाठी.

तांब्याच्या गुंडाळ्या घंटेसारख्या टणटणायच्या. त्यांना जाड खुंटी केली आणि दोन गुंडाळ्यांमध्ये जुन्या गोधडीचा तुकडा. गोधडी वर टांगलेल्या वस्तूंनाच वापरा. तळाशी घातली तर पावसाळ्यात ओल धरते आणि पत्र्याला गंज चढतो.

गॅसच्या सिलिंडरपाशी शांततेपेक्षा सुरक्षितता आधी. आर-३२ आणि आर-४१०ए हे एसीत भरायचे गॅस उभेच, नायट्रोजनचा सिलिंडरही उभा, व्हॉल्व्हवर टोपी, आणि प्रत्येकाला दोन पट्टे, एक वरच्या तिसऱ्या भागात, एक खालच्या. बुडाखाली रबराची चकती, पाठीशी रबर लावलेला अर्धगोल लाकडी पाळणा. एवढ्याने आवाज पूर्ण गेला. तळाजवळची हवेची जाळी मात्र मी उघडीच ठेवली आहे, तिच्यातून रस्त्याचा आवाज येतो तरीही. आर-३२ पेट घेऊ शकतो, ब्रेझिंगचा (तांब्याचे जोड डाखायचा) एलपीजीही सोबत असतो, आणि दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचतात. आवाज रोखायला ही जाळी बुजवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. कृपा करून असं करू नका.

बाजूचा मोठा पत्रा घुमायचा. त्याला अॅल्युमिनियमची पाठ असलेलं २ मिमी ब्यूटाइल रबराचं चिकट शीट. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मधला, सगळ्यात जास्त हलणारा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी ढमढम थांबते. वजनही वाचतं, कारण हे शीट चौरस मीटरला ३ ते ४ किलो भरतं. पत्रा थिनरने पुसायचा, रोलर जोर लावून फिरवायचा, शीटवरची उठावाची नक्षी सपाट होईपर्यंत. छपराच्या गळतीसाठी मिळणारं डांबरी शीट स्वस्त पडतं, पण इंदूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. डांबर मऊ पडून घसरतं आणि वास सुटतो तो वेगळाच. दाराच्या आत लावत असाल तर तळाची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

राहिले ड्रॉवर. पाने, ड्रिल बिट आणि फ्लेअरिंग टूलसाठी तळाला ईव्हीए फोमचं जाड शीट घातलं, प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापून. हत्यारं गप्प झाली, पण आता ड्रॉवरच वाजतो. चॅनलमध्ये किंचित खेळ असतोच, आणि अल्ड्रॉप (सरकती कडी) कोयंड्यात सैल बसतो. अल्ड्रॉपच्या दांड्यावर हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवून तो खेळ घालवला आहे. ड्रॉवरच्या मागे रबराचा गट्टू लावायचा आहे, म्हणजे तो थोडा दाबूनच कडी लागेल आणि ड्रॉवर ताणात राहील. दाबलेली वस्तू वाजत नाही. गट्टू किती जाड हवा हे बसवून बघूनच ठरेल. फार जाड झाला तर घाईत एका हाताने कडी लागणार नाही, आणि दुसऱ्या हातात बहुतेक वेळा सामान असतं.

त्यानंतर मागच्या चाकांवरचे कमानी पत्रे आणि सरकत्या दाराचा रोलर. दारासाठी कोणी स्ट्रायकर (दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो चौकटीवरचा भाग) सरकवून पाहिला असेल तर किती सरकवला आणि पावसाचं पाणी आत आलं का, तेवढं नक्की सांगा.