तुमचा मुलगा बोलत नाही, तरीही

"तुम्ही बोलता, लिहिता, नोकरी करता. आमचा आठ वर्षांचा झाला, अजून 'आई' म्हणत नाही. तुमचं ऐकून आम्हाला काय उपयोग?"

मी ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे हे उघडपणे सांगायला लागल्यापासून पालकांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. कधी रागाने, बहुतेकदा दमलेल्या आवाजात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

तुमच्या मुलाला तुमच्याइतकं मी ओळखत नाही. त्याला कुठली भाजी चालते, रात्री कशाने जाग येते, हे तुम्हालाच ठाऊक. पण मिक्सर सुरू झाला की तो कान दाबून पलंगाखाली शिरतो ना, ते मला आतून ठाऊक आहे. मला तो आवाज दातांत जाणवतो. त्यात कोणी काही विचारलं तर शब्द कानावर पडतात, अर्थ लागत नाही. चटणी वाटून होते, पण त्यानंतरही बराच वेळ माझ्या तोंडून धड वाक्य निघत नाही. "आता बंद केलाय ना?" असं घरचे म्हणायचे. आता ते वाटायच्या आधी सांगतात, स्वयंपाकघराचं दार लोटतात आणि नंतर थोडा वेळ मला काही विचारत नाहीत. एवढ्याने माझं भागतं. तुमच्याकडे भागेल का, ते तोच दाखवेल.

आय कॉन्टॅक्टचंही तसंच. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं म्हटलं की माझं सगळं लक्ष बघण्यातच जातं. नीट ऐकायचं असेल तेव्हा मी पंख्याकडे बघते. थेरपीच्या सेशनमध्ये डोळ्यांत बघितल्याबद्दल पोरांना बिस्किटाचा तुकडा देतात, ते पाहून माझं डोकं फिरतं.

1993 साली कॅनडात टोरांटोला झालेल्या ऑटिझमवरच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांना सांगितलं, की तुमचं दुःख खरं आहे, पण ते तुम्ही मनात धरलेल्या मुलासाठीचं आहे. समोर आहे त्या मुलासाठी शोक करू नका. सिंक्लेअर यांना बाराव्या वर्षापर्यंत बोलता येत नव्हतं. म्हणजे आठव्या वर्षी त्यांच्या घरीही तुमच्यासारखीच काळजी असणार. म्हणून तुमचाही बाराव्या वर्षी बोलेल, असं मी म्हणणार नाही. तसं कुणीच म्हणू नये. चित्रांची कार्डं किंवा बोलणारा टॅब मात्र आत्ताच हातात द्या. त्याची सवय लागली की मूल बोलायचं थांबतं अशी भीती घालतात, पण आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

(2 एप्रिलचे, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाचे कार्यक्रम बघा. व्यासपीठावर डॉक्टर, थेरपिस्ट, पालक, एखादे नगरसेवक. ऑटिस्टिक माणूस स्वागतगीतापुरता.)

ताट सरकवणं, हात झटकणं, दारात अडून बसणं, हे सगळं नाही म्हणणंच आहे. त्याचा हट्ट कसा मोडायचा, हे तुमच्याकडून पैसे घेऊन तुम्हाला शिकवलं जातं. मी फुकट सांगते, आधी कारण शोधा. आणि माझ्यापेक्षा त्याच्या जवळचं कुणी हवं असेल, तर न बोलणाऱ्या पण स्वतः टाइप करणाऱ्या ऑटिस्टिक माणसांनी लिहिलेलं वाचा. तेही हाच मिक्सर सांगतात, माझ्याहून नेमका.