राजाचे क्रियापद

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री आठ वाजता आम्ही नऊ-दहा माणसे आपापल्या घरी पडद्यासमोर बसतो आणि पहिली पाच मिनिटे एकमेकांना "आवाज येतोय का?" एवढेच विचारत राहतो. कोणाच्या चौकटीत कुकरची शिट्टी होते, कोणाच्या पाठीमागून मांजर जाते, कोणाचे नुसते ओठ हलताना दिसतात आणि मग सगळे एका सुरात "म्यूट, म्यूट" असे ओरडतात. एवढे झाले की हीच माणसे पुढचे दोन तास परग्रहावरची करवसुली किंवा ड्रॅगनचा आहार अशा विषयांवर इतक्या तावातावाने भांडतात की शेजारच्या खोलीतून घरच्यांनी डोकावून पाहावे.

हे आमचे विज्ञानकथा आणि अद्भुतिका (म्हणजे फँटसी) वाचणाऱ्यांचे मंडळ. एका महिन्यात विज्ञानकथा, दुसऱ्या महिन्यात अद्भुतिका असा वार लावलेला आहे, आणि यंत्रे आवडणारे राक्षसांच्या महिन्यात हटकून आजारी पडतात. पुस्तके बहुतेक इंग्रजी असतात, चर्चा मात्र मराठीतच करायची असते. मंडळी पुणे, इंदूर, म्हापसा, डब्लिन आणि न्यू जर्सी अशी विखुरलेली असल्यामुळे रात्रीचे आठ हे फक्त आमचे आठ असतात. त्यातही अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि आयर्लंडमधली शेवटच्या रविवारी, त्यामुळे मार्चच्या बैठकीला न्यू जर्सीची ताई आणि एप्रिलच्या बैठकीला डब्लिनचा मित्र जुन्या सवयीने तासभर आधी येऊन रिकाम्या चौकटीसमोर चहा संपवतात. ज्या कादंबऱ्यांत प्रकाशवर्षांपलीकडच्या ग्रहाशी क्षणात बोलणारे यंत्र असते, त्या वाचणाऱ्या मंडळाला दोन खंडांतली घड्याळे जुळवता येत नाहीत, ही गोष्ट दर वसंत ऋतूत नव्याने सिद्ध होते.

पानांचेही तसेच. कोणाकडे छापील प्रत, कोणाकडे वाचनयंत्र, कोणी फोनवर वाचलेले. "पान 142 उघडा" असे म्हटले की तीन जण तीन वेगळ्या प्रसंगांत पोहोचतात, म्हणून आता प्रकरणाचा आकडा सांगायचा आणि त्यापुढचे अवाक्षर काढायचे नाही, असा दंडक आहे. तो मोडणाऱ्याने पुढच्या महिन्याचा गोषवारा सांगायचा. माझ्या वाट्याला हा दंड दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा तो रास्त होता.

पण ज्या बैठकीबद्दल लिहायचे आहे ती गेल्या पावसाळ्यातली. त्या महिन्यात आम्ही अमेरिकी लेखिका अर्सुला ले ग्विन यांची 1969 सालची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी घेतली होती. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळवलेली ही कादंबरी गेथेन नावाच्या गोठलेल्या ग्रहावर घडते. तेथली माणसे महिन्यातले बहुतेक दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. उरलेल्या थोड्या दिवसांत त्यांच्यापैकी कोणीही कोणीही होऊ शकते आणि या खेपेला आपण काय होणार हे त्यांना आधी ठाऊक नसते. ज्या व्यक्तीने दोन मुलांना जन्म दिला, तीच व्यक्ती तिसऱ्या मुलाचा बाप असू शकते. अशा ग्रहावर पृथ्वीवरून गेन्ली आय नावाचा एकटा पुरुष दूत म्हणून येतो, आणि तेथल्या राज्याचे पंतप्रधान एस्ट्रावेन यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याला फार उशिरा उमगते. वीस प्रकरणांचे हे पुस्तक मी तीन रात्रींत वाचले आणि त्यात भाषेची अडचण आहे असे एकदाही मनात आले नाही.

अडचण आली ती गोषवाऱ्याच्या वेळी. इंदूरच्या मुलाकडे गोषवारा होता आणि तो बेताबेताने सांगत राजापर्यंत आला. कादंबरीत राजाला दिवस गेल्याची बातमी अगदी साध्या चार शब्दांच्या वाक्यात येते. इंग्रजीत ते वाक्य सरळ घशाखाली उतरते, कारण इंग्रजी क्रियापदाला राजा कोण याच्याशी देणेघेणे नसते. आमचा इंदूरकर मात्र "राजा गरोदर" एवढे बोलून थांबला. मग "होता" म्हणाला, मग "होती" म्हणाला, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगा."

बाई म्हणजे आमच्यातल्या ज्येष्ठ सभासद. पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या खरे तर नातवाच्या नादाने मंडळात आल्या, नातू सुटला आणि त्या राहिल्या. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे सांगितले, "महाराज गरोदर आहेत. वर्तमानकाळात सांग, म्हणजे कोणाला काही कळणार नाही."

त्यानंतर जे झाले त्याला साहित्यचर्चा म्हणावे की आठवीचा व्याकरणाचा तास, हे ठरवणे अवघड आहे. न्यू जर्सीची ताई म्हणाली की तिने आख्खे पुस्तक मनातल्या मनात "तो" म्हणत वाचले, कारण लेखिकेनेच सगळीकडे "तो" वापरला आहे, आणि त्यामुळे बर्फातून घसरगाडी ओढत आठशे मैल जाणारे गेन्ली आणि एस्ट्रावेन तिला शेवटपर्यंत दोन पुरुषच दिसत राहिले. ही तक्रार नवी नाही. ले ग्विन यांनी 1976 सालच्या एका निबंधात आपल्या "तो"चे समर्थन केले होते, आणि दहा-बारा वर्षांनी त्याच निबंधाला नव्या टिपा जोडून ते समर्थन मागे घेतले. गेथेनवरच घडणारी त्यांची एक कथा 1975 साली संग्रहात आली तेव्हा त्यांनी तिच्यातली माणसे "ती" करून टाकली, पण राजाला राजाच ठेवले. राजा आली, राजा बसली. आम्हाला हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहायची हौस आली, आणि सातव्या-आठव्या वेळी ते कानाला विचित्र लागेनासे झाले, हे मला त्या संध्याकाळचे सर्वांत मोठे आश्चर्य वाटते.

डब्लिनच्या मित्राने सुचवले की मराठीत तिसरे लिंग फुकट मिळालेले आहे, ते वापरावे. मूल रडते, लेकरू झोपते, तसे एस्ट्रावेन चालते. यावर म्हापशाची मुलगी उसळली. ती म्हणाली, कोकणीत मुलीला सर्रास नपुंसकलिंगीच बोलतात, "तें चेडूं आयलें" असे, आणि तिची आजी तिला अजूनही "तें" म्हणते. त्यात माया असते हे खरे, पण ते लहान असण्याचे लिंग आहे, लग्न होऊन पोक्त झाले की मग "ती" होते. राज्याच्या पंतप्रधानांना "ते आलं, ते गेलं" म्हटले तर पाळण्यातून उतरून आल्यासारखे वाटेल. तिचे म्हणणे पटण्यासारखे होते. नपुंसकलिंग हे आपण मुलांना, पिल्लांना आणि वस्तूंना राखून ठेवलेले आहे.

तेव्हा बाईंनी आपल्या वहीचे पान कॅमेऱ्यासमोर धरले. निळ्या शाईत, शिक्षकी वळणाच्या अक्षरात, एकाखाली एक दोन वाक्ये होती: "ते मूल आले." "ते पंतप्रधान आले." बोलताना आपण मूल "आलं" आणि पंतप्रधान "आले" असा फरक करतो, पण लेखी प्रमाण मराठीत दोघेही "आले"च. नपुंसकलिंगी एकवचन आणि आदरार्थी अनेकवचन कागदावर एकमेकांच्या कपड्यांत फिरतात. म्हणजे गेथेनच्या माणसांबद्दल ग्रांथिक मराठीत लिहिले तर वाचणाऱ्याला तो मान आहे की ते लिंग आहे हे ठरवता येणार नाही, आणि नेमके तेच तर हवे आहे. पान कॅमेऱ्याच्या फार जवळ आल्यामुळे आम्हाला अर्धा वेळ नुसता निळा धूसर ठिपका दिसत होता, तरी टाळ्या पडल्या.

बाई तेथे थांबल्या नाहीत. एस्ट्रावेनने घसरगाडी ओढली, दोर ओढला, ओझे ओढले. कर्मणी प्रयोगात क्रियापद गाडीमागे, दोरामागे, ओझ्यामागे जाते, ओढणाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. भावे प्रयोगात तर ते कोणाकडेच पाहत नाही. मात्र तोच एस्ट्रावेन दमला की पकडला गेला, कारण दमला म्हणावे लागते किंवा दमली. इंदूरकराने यात भर घातली की भविष्यकाळातही मराठी गप्प बसते. हिंदीत जाएगा आणि जाएगी असे सांगावेच लागते, मराठीत नुसते "जाईल". तेव्हा गेथेनचा माणूस मराठीत काम करीत असेपर्यंत सुरक्षित आहे, उद्या काही करणार असला तरी सुरक्षित आहे, फक्त त्याने काल दमू नये, हसू नये, झोपू नये. तिकडे बर्फावरचा प्रवास ऐंशीएक दिवसांचा आहे. पुढे काय होते ते दंडकामुळे येथे सांगता येणार नाही.

वर्षानुवर्षे लोक ज्या पुस्तकातल्या राजकारणावर, मैत्रीवर आणि हवामानावर बोलतात, त्यातले आम्ही त्या दिवशी काहीच बोललो नाही, अशी खंत एका सभासदाने नंतर व्यक्त केली. ती मला मान्य नाही. हेच पुस्तक एकट्याने वाचताना माझ्या डोक्यातला एस्ट्रावेन बिनबोभाट पुरुष झालेला होता. पहिल्या पानावरच कधीतरी तो तसा ठरून गेला असावा. भाषांतर करायला लागल्यावर तो निर्णय पहिल्यांदा उघड्यावर आला आणि नऊ जणांसमोर त्याचा जाब द्यावा लागला.

बैठक संपता संपता डब्लिनकराने विज्ञानकथा लिहिणाऱ्या जेम्स टिपट्री ज्युनियर यांचा विषय काढला. मार्मालेडच्या बरणीवरून उचललेल्या या नावाने लिहिणाऱ्या लेखकाची ले ग्विन यांच्यासह अनेकांशी वर्षानुवर्षे पत्रमैत्री होती, भेट मात्र कोणाशीच नव्हती. टिपट्री ही स्त्री असावी या शंकेला 1975 साली विज्ञानकथालेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी एका प्रस्तावनेत छापील उत्तर दिले की या लेखनात अस्सल पुरुषी असे काहीतरी आहे, आणि पुढे थोड्याच काळात उघड झाले की लिहिणाऱ्या बाईंचे नाव अ‍ॅलिस शेल्डन. आपल्याकडेही जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरे उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहवून घेऊन. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. पण नारळीकरांना फक्त अक्षर लपवायचे होते. टिपट्रींना मराठीत पत्रे लिहावी लागली असती तर? इंग्रजीतला "आय" कोणाचाही असतो. मराठीत "काल बाजारात गेलो" असे लिहावे तर धडधडीत खोटे आणि "गेले" लिहावे तर सोंग संपले.

हा प्रश्न पडल्यावर बाईंमधली शिक्षिका जागी झाली आणि त्यांनी आम्हा सर्वांना गृहपाठ दिला. या मंडळाबद्दल दोन-तीन पाने लिहायची, प्रथमपुरुषी, पण लिहिणारा तो आहे की ती हे एकाही क्रियापदाने सांगायचे नाही. इंदूरच्या मुलाचा निबंध तिसऱ्या ओळीत फुटला, न्यू जर्सीच्या ताईने सगळा मजकूर भविष्यकाळात लिहिला आणि तो पंचांगासारखा झाला.

माझा हा येथे संपतो. बाईंकडे पाठवण्याआधी मी तो दोनदा तपासला आहे, आणि चहाच्या वाक्यात एक क्रियापद चुगली करीत होते, ते काढून तेथे डब्लिनच्या मित्राला बसवले आहे.